पुढच्या रांगेतली जागा

३ मार्च

चि. ठोश्या,

आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. गेल्या महिन्यात तू फोन आपटलास त्याबद्दल. मीही आपटणारच होते, पण तू आधी आपटलास आणि माझी संधी गेली. आपण दोघं एकाच मातीचे. फोनवर दोन मिनिटं झाली की भांड्याला भांडं लागतं. म्हणून यापुढे कागद. कागदावर कितीही ओरडलं तरी शेजारच्यांना ऐकू जात नाही, आणि पाठवायच्या आधी फाडून टाकता येतं. पत्र बगळी आणून देईल. बगळी म्हणजे आमच्या विमानातली ती लांब मानेची हवाई सुंदरी, तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच राहते. वाटेत पत्र उघडून वाचणार नाही. म्हणजे वाचेल, पण कबूल करणार नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या आतोबांचं काही खरं नाही. बाटल्यांच्या कारखान्याची भट्टी विझली तेव्हापासून हे घरातच आहेत. आयुष्यभर भट्टीसमोर उभा राहिलेला मुकादम, त्याला खिडकीशी बसवलं तर काय होणार? आधी महिनाभर गप्प होते. मग पायऱ्या चढताना कठड्याला लाथ, मग नळाला शिव्या. परवा चहाचा डबा सापडेना म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारातून मूठ आरपार घातली. दार पातळ होतं म्हणून, नाहीतर मनगट गेलं असतं. नंतर स्वतःच त्या भोकाकडे बघत बसले, लहान मुलासारखे.

मी विचार केला, ह्यांना कुठेतरी जाऊन ओरडू दे. आमची विमानं अर्धी रिकामी उडतायत. शनिवारी तर कामानिमित्त फिरणारी माणसं नसतातच. रिकाम्या सीटवर घरच्या माणसाला फुकट बसवायची मुभा मला आहे, ती कधी नव्हे ती उपयोगी पडतेय. सकाळच्या विमानाने येतील, तुझ्या मैदानावर फुटबॉल बघतील, घसा फोडतील, संध्याकाळच्या विमानाने परत. तुमच्याकडेही खुर्च्या रिकाम्याच असतात ना? एक ह्यांना दे.

आणि तू. मनगट पाठीमागे धरतोस ना अजून? शाळेत त्या पोराचा जबडा फोडलास, त्याला तारा घातल्या, आणि मी तुला महिनाभर त्याच्या घरी पाठवून चमच्याने भरवायला लावलं, ते विसरला नाहीस ना? राग आला की उजव्या हाताने डावं मनगट, पाठीमागे, घट्ट. आईबापाविना वाढवलेल्या एकुलत्या एका भाच्याला मला तुरुंगात भेटायला जायचं नाही.

तुझी,
आत्या

८ मार्च

आत्या,

धपाटा पोचला, पाठ चोळत लिहितोय.

आतोबा आले, बसले, ओरडले, गेले. गालाला थोडं खरचटलंय. पायरीवर पाय घसरला. काळजी करू नकोस.

तू म्हणालीस खुर्च्या रिकाम्या असतात. असतात, पण टीव्हीवर दिसता कामा नयेत, कारण रिकामी खुर्ची दिसली की जाहिरातवाले पळतात. म्हणून आमच्या साहेबांनी शक्कल काढली. तिन्ही बाजूंचे स्टँड बंद. दिवे बंद, नळ बंद, निम्मे गार्ड घरी. जेवढी माणसं येतील तेवढी सगळी एकाच स्टँडमध्ये, कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर. घरी बसून बघणाऱ्याला वाटतं मैदान खचाखच भरलंय.

पूर्वी पाहुण्या संघाची माणसं पार पलीकडच्या टोकाला बसायची, मध्ये अख्खं मैदान. आता ती आमच्याच मांडीला मांडी लावून. मध्ये काय, तर तीन रांगांच्या खुर्च्यांवर निळं कापड अंथरलेलं. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, हे कापड आहे, भिंत नाही." ते म्हणाले, "पण रंग काय खुलतोय बघ!"

आणि येणारी माणसं कोण? आतोबांसारखीच. कुणाची गिरणी बंद, कुणाचं दुकान. बेकारांना तिकीट स्वस्त. खेळाशी कुणाला काही घेणं नाही, वड्याचं तेल वांग्यावर काढायला येतात. काल अर्धा खेळही झाला नव्हता आणि पहिली खुर्ची उडाली. खुर्ची म्हणजे दोन बोल्टांवर बसवलेलं प्लास्टिक, दोन लाथांत निघतं, आणि तुटलेल्या कडेला धार असते. एकाचा कान लोंबायला लागला. तो बिचारा कान जागच्या जागी धरून आजूबाजूला विचारत होता, "फार लागलंय का हो?" मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात पुन्हा खुर्ची घातली. एका बाईने छत्रीची दांडी एकाच्या पोटात खुपसली आणि छत्री उघडली. मी आयुष्यात बऱ्याच मारामाऱ्या केल्या, पण हे सुचलं नसतं.

आम्हाला नियम एकच. गार्डने प्रेक्षकाला हात लावायचा नाही. लावला तर प्रेक्षक कोर्टात जातो आणि गार्ड घरी. शिट्टी वाजवायची आणि पोलिसांची वाट बघायची. म्हणजे क्लबचा नियम आणि तुझा नियम एकच निघाला. नारिंगी जाकीट घालून, मनगट पाठीमागे धरून उभा होतो. बोटांचे वळ उठलेत मनगटावर.

ठोश्या

१३ मार्च

अरे लबाडा,

पायरीवर पाय घसरला? मग त्या पायरीच्या बोटात अंगठी होती वाटतं. ह्यांच्या गालावर चौकोनी खड्याचा ठसा उमटलाय, आतलं नक्षीकाम मोजता येईल. ह्यांना विचारलं तर हेही म्हणतात पायरी. दोघांनी आधी ठरवून तरी खोटं बोलायचं, सारखंच बोललात म्हणून पकडले गेलात.

पण खरं सांगू? रागावता येईना. हे विमानातून उतरले ते शीळ घालत. घरी येऊन झोपले ते सकाळपर्यंत ढाराढूर. दुसऱ्या दिवशी फळी आणून कपाटाला नवं दार बसवलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. म्हणाले, "तिथे सगळे माझ्यासारखेच आहेत गं." बरं वाटत असेल, एकट्याचीच भट्टी विझली नाही म्हणून.

आमच्याकडे मात्र धिंगाणा. सकाळचं विमान अर्धं, दुपारचं अर्धं, म्हणून वरच्यांनी दोन्ही एक करून टाकली. बेरीज करणारा कोण दिवटा होता माहीत नाही, माणसं उरली आणि सीटा संपल्या. मंगळवारी गेटवर उरलेल्यांनी आम्हाला घेरलं. एकाची मुलाखत होती, एकाची आई शेवटच्या घटका मोजत होती. माझ्या शेजारच्या पोरीला एकाने केसांना धरून काउंटरवर आपटलं, नाकाचं हाड बाहेर. दुसऱ्याने विमानात चढणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या गळ्यातलं उपरणं मागून पिरगाळलं, "तुझी जागा मला दे" म्हणून. म्हातारा निळा पडला तरी बोर्डिंग पास सोडेना. पोलीस येईपर्यंत फरशीवर रक्त आणि कॉफी एक झाली होती.

मला काही झालं नाही. मी काउंटरखाली बसून होते. उगाच तिकडून धावत येऊ नकोस.

अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस. उजव्या हाताचं बोट कपाटाच्या दारात सापडलं, पट्टी बांधली आहे. नवं दार फारच घट्ट लागतं.

आत्या

१६ मार्च

आत्या,

अंगठी होती, कबूल. सगळं सांगतो.

त्या अंगठीवाल्याने आतोबांना एक दिली. आतोबांनी त्याला खाली पाडलं आणि छातीवर बसून दिल्या. दोन दिल्या तोपर्यंत ठीक होतं, मीही दिल्या असत्या. पण तो माणूस शुद्धीवर नव्हता तरी चालूच. नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मी त्यांच्या काखेत हात घालून मागे ओढलं. प्रेक्षकाला हात लावला म्हणून माझी नोकरी गेली असती, साहेब वर चहा पीत होते म्हणून वाचलो. आतोबा माझ्याकडे वळले तेव्हा क्षणभर त्यांनी मला ओळखलंच नाही. मूठ वर होती. तो चेहरा मला माहीत आहे आत्या, मी तो आरशात पाहिलाय.

तुला हे सांगणार नव्हतो. पण काल बगळी जिन्यात भेटली. म्हणाली, तुझ्या आत्याचं बोट मोडलंय, आणि डोळा काळानिळा, वर चार टाके. ती आत घरात काळा चष्मा लावून वावरते म्हणाली.

डोळ्याचं तू मला लिहिलं नाहीस.

आतोबा घरी कसे वागतात? खरं सांग. मनगट धरूनच विचारतोय.

ठोश्या

२० मार्च

चि. ठोश्या,

त्या बगळीच्या जिभेला हाड नाही. डोळ्यालाही तेच कपाट. खालच्या दारात बोट सापडलं म्हणून कळवळून वर उसळले, तर वरच्या दाराचा कोपरा भुवईला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टाके परवा निघतील. काळा चष्मा मला शोभतो असं सगळ्यांचं म्हणणं आहे, तेव्हा तो राहील.

हे घरी कसे वागतात म्हणे! हे मैदानावर वाघ असतील, घरी शेळी आहेत. आता विषय बंद. मी बंद म्हटलं की बंद.

आणि आता गोड बातमी, पण तोंडाला कुलूप लाव. ह्यांना काम लागलं. आमच्याच विमानतळावर, विमानात सामान चढवायचं. या वयात पाठ मोडेल, पण ऐकायला तयार नाहीत. सोमवारी, तीस तारखेला हजर व्हायचंय. त्याआधी अठ्ठावीसच्या शनिवारी शेवटचे तुझ्याकडे येणार. तुला बातमी स्वतःच सांगायची आहे, मला सक्त ताकीद दिली आहे. तेव्हा तू ऐकून चकित झाल्यासारखं कर. तुला नाटक जमत नाही, तरी कर.

ह्यांना नीट बसव हो. बोल्ट सुटलेल्या खुर्च्यांपासून लांब.

आत्या

२३ मार्च

आत्या,

पाठव. नक्की पाठव.

त्यांच्यासाठी एकदम पुढच्या रांगेत जागा ठेवली आहे. कापडाला लागून, कोपऱ्यातली. तिथून सगळं स्पष्ट दिसतं. मी जवळच उभा असतो.

कपाटाचं दार आता लागतं का नीट?

ठोश्या

१२ एप्रिल

आत्या,

तू आतोबांना घेऊन गेलीस त्याला आठवडा झाला. इथे दवाखान्यात होतीस तेवढे दिवस माझ्याशी कामापुरतं बोललीस. औषध आण, डॉक्टरांना बोलाव, सरक. बाकावर माझ्या शेजारी बसली नाहीस. फोन करायचा धीर होत नाही, म्हणून बगळीकडे हे देतोय.

तुला कुणी धड सांगितलं नसेल, म्हणून झालं ते लिहितो.

पाहुण्यांनी गोल केला तशी त्यांची माणसं उठली. आमच्या बाजूने कुणीतरी बाटली फेकली. मग ती माणसं कापडावरून आली, निळ्या कापडावर बूट उमटवत. आतोबा कोपऱ्यात होते, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ती. निघायला वाटच नव्हती. पहिल्या फटक्यात त्यांचा चष्मा उडाला. ते चष्मा उचलायला वाकले. तेवढ्यात कुणीतरी ते कापडच ओढून त्यांच्या डोक्यावर टाकलं, आणि मग कापडावर लाथा. पाच-सहाजण होते. एकाच्या हातात खुर्चीचा बोल्ट होता, मुठीत धरलेला. आतोबा आत धडपडत होते, कापडाला हाताचे आकार येत होते. मग आकार यायचे थांबले. निळ्यावर लाल दिसत नाही, काळं दिसतं. पोलीस आले तोपर्यंत सगळं उरकलं होतं.

मी तेव्हा दुसऱ्या टोकाला होतो, वरच्या जिन्यापाशी. तिथेही जुंपली होती. शिट्टी वाजवत धावत आलो, पण उशीर झाला.

जबडा तीन ठिकाणी मोडला, डावा डोळा गेला, हे वाईटच झालं. मला झोप लागत नाही. पण एक गोष्ट लिहितोच, कारण तू ती लिहिणार नाहीस. तू दार म्हणालीस. बोटाला दार, डोळ्याला दार. त्या दाराला कोणाची मूठ लागते ते तूच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. त्यांच्या अंगात काय आहे ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू मला वाढवलंस, आणि तुला मारणाऱ्याला मी हातही लावला नाही. तुझा शब्द पाळला. ज्यांनी मारलं ते परके होते. तुझ्या डोळ्याचं कुणीतरी फेडलं, एवढंच.

ठोश्या

१६ एप्रिल

ठोश्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा फाडायला घेतलं. आता उत्तर ऐक, आणि बसून ऐक.

माझं बोट कपाटाने मोडलं नाही. मंगळवारी गेटवर मी काउंटरखाली बसले होते असं लिहिलं, ते खोटं. त्या पोरीला तो केसांना धरून आपटत होता तेव्हा मी मध्ये पडले. एका माणसाने त्याची पत्र्याच्या कोपऱ्यांची बॅग दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर घातली. पहिल्यांदा हातावर, मग भुवईवर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तुला सांगितलं असतं तर तू पुढच्या विमानाने येऊन त्या माणसाला शोधला असतास, आणि आज खुनी म्हणून आत असतास. म्हणून दार. घरात दार होतं, तेच सुचलं. बगळीलाही कारण सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. हातचं खोटं सोपं पडतं.

ह्यांनी मला आयुष्यात कधी बोट लावलेलं नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी माझा डोळा बघितला. सदरा घातला आणि विमानतळावर गेले, सामान चढवणाऱ्या ठेकेदाराला शोधून त्याच्यासमोर उभे राहिले. "काहीही काम द्या, पण त्या गेटखालचं द्या." त्याला कारण सांगितलं नाही. मला सांगितलं. "वर आवाज झाला की दोन उड्यांत जिना चढेन." या गुडघ्यांनी! मी हसले होते तेव्हा. ही ती बातमी, जी तुला स्वतः सांगायला हे त्या दिवशी आले होते. तू चकित व्हायचं होतंस.

आता दुसरं. तू लिहितोस तू दुसऱ्या टोकाला होतास. दुसऱ्या टोकावरून चष्मा उडालेला दिसतो? मुठीतला बोल्ट दिसतो? कापडाला हाताचे आकार आलेले दिसतात?

तुमच्या साहेबांनी सगळी माणसं कॅमेऱ्यासमोर बसवली आहेत, हे तूच मला लिहिलंस ना? मग कॅमेऱ्याने दाखवली. त्या शनिवारी मी गेटवर होते. समोर भिंतीवर टीव्ही, माझ्या हातात पास तपासायचं यंत्र, पुढे रांग. रांगेतले थांबून टीव्ही बघायला लागले, म्हणून मीही बघितलं. निळं कापड आणि त्याच्या आतलं हलणारं. तेव्हा मला माहीत नव्हतं आत कोण आहे. पण कापडाच्या चार पावलांवर नारिंगी जाकीट उभं होतं, एका बाजूने दिसणारं. तोंडात शिट्टी, ती वाजत नव्हती. दोन्ही हात पाठीमागे, उजव्या हातात डावं मनगट. मान जराशी कलती, राग आल्यावर तू कलती करतोस तशी. तुझं तोंडही दिसायची गरज नव्हती मला. ते उभं राहणं मी शिकवलेलं आहे.

आणि ठोश्या, मला आधी काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. वाटलं, बघा, माझं पोर एवढ्या आगीत हात बांधून उभं आहे. दोन श्वास तेवढे. मग कापड सरकलं, आणि मी तो सदरा ओळखला. सकाळी मीच इस्त्री केला होता.

रांगेतला एकजण हसला. "म्हाताऱ्याला बरा धडा मिळाला," म्हणाला. मी हातातलं यंत्र त्याच्या तोंडावर मारलं. थांबले नाही, पुन्हा मारलं. ओठ फाटला, दात काउंटरवर पडला. इतकी वर्षं तुला धडे देणारी मी. आता माझी चौकशी चालू आहे, तोवर मी घरी. फुकट सीटही बंद.

तुझी पुढची रांग मी प्रेम समजले होते रे. तुझी ती चिठ्ठी ह्यांना वाचून दाखवली. "बघा, पोराने कोपऱ्यातली खास जागा धरली आहे तुमच्यासाठी." हे नवीन सदरा काढायला गेले.

तू हात लावला नाहीस हे खरं आहे. तू मारलं असतंस तर मी तुला कधीतरी माफ केलं असतं, कारण तुझ्या हाताचा तुला ताबा नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवशी तुझ्या हाताचा तुला पूर्ण ताबा होता. मनगट धरायला मी शिकवलं ते कुणाला मारू नये म्हणून. कुणाला सोडवू नये म्हणून नाही. एवढंही मला सांगायला हवं होतं का? मला वाटलं, हे माणसाला उपजत कळतं.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. जबड्याला तारा आहेत, बोलता येत नाही, पाटीवर लिहून दाखवतात. काल लिहिलं, "पोराला दोष देऊ नकोस. गर्दी होती, मी त्याला दिसलो नसेन." मी मान डोलावली आणि उठून नळ सोडला, रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून.

ह्यांना दिवसातून पाच वेळा पातळ काहीतरी चमच्याने भरवावं लागतं, तारांमधून, थेंब थेंब. माझं बोट अजून वाकत नाही, चमचा निसटतो, ह्यांच्या गळ्यावर सांडतं. महिनाभर कसं भरवायचं ते तुला येतं. ते काम मीच तुला शिकवलं होतं.

तेव्हा ये. तिकीट काढून ये. विमानं रिकामीच आहेत. आलास की माझ्या पाया पडायला वाकू नकोस, आणि माफीचं तर नावच काढू नकोस. आधी हात धू आणि चमचा घे. मला तुझे हात समोर दिसले पाहिजेत.

आत्या

ठोश्या, तुझी आत्या आत पाकीट शोधते आहे, तेवढ्यात मागच्या बाजूला चार ओळी लिहितो. पत्र तिने पालथं ठेवलंय, मी वाचलेलं नाही. एका डोळ्याने लिहितोय, ओळ तिरकी जाईल.

तुला सांगायचं राहून गेलं. मला काम लागलं होतं. विमानात सामान चढवायचं.

तू धरलेली जागा चांगली होती. तिथून तू अगदी समोर दिसत होतास. मी चष्म्यासाठी वाकलो असं तुला वाटलं असेल. तसं नाही, तुला हाक मारली होती, तेव्हा तोल गेला.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतंय मी तुला दिसलो नाही. तिला तसंच वाटू दे.

ये.